एच, जे, के, एल : चार बटणांचा अर्धशतकी प्रवास

कीबोर्डच्या मधल्या ओळीत, उजव्या हाताच्या बोटांखाली चार बटणे शेजारी शेजारी बसलेली असतात : एच, जे, के आणि एल. बहुतेकांच्या लेखी ती नुसती अक्षरे. पण एखाद्या मुरलेल्या प्रोग्रॅमरचे काम त्याच्या मागे उभे राहून पाहा. त्याचा हात माऊसकडे जात नाही, कोपऱ्यातल्या बाणांच्या बटणांकडेही जात नाही. एच दाबले की कर्सर डावीकडे सरकतो, जे दाबले की खाली, के दाबले की वर आणि एल दाबले की उजवीकडे. काम थांबवून तो ब्राउझर उघडतो, एखादे लांबलचक पान वाचायला घेतो. तिथेही जे दाबत खाली आणि के दाबत वर.

आजच्या कीबोर्डवर या अक्षरांशेजारी बाण छापलेले नसतात. तरीही जगभरातल्या असंख्य प्रोग्रॅमरांची बोटे हा संकेत पाळतात आणि तो पाळणारी नवी साधने अजूनही तयार होत असतात. हा संकेत कुणी समिती बसवून ठरवला नाही. त्याचा माग काढत गेलो की आपण १९७६ सालच्या एका स्वस्त टर्मिनलपाशी पोहोचतो आणि त्याच्याही मागे, कागदावर टकटक छापणाऱ्या टेलिप्रिंटरपाशी.

कागदावरचा एडिटर

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन युनिक्स या कार्यप्रणालीची पायाभरणी करत होते. त्यांनी अगदी सुरुवातीला जी साधने लिहिली, त्यांत मजकूर लिहिण्यासाठी आणि दुरुस्त करण्यासाठी ‘ईडी’ नावाचा एडिटर होता. त्या काळात संगणकाशी बोलायचे ते टेलिटाइप या टेलिप्रिंटरवरून. त्याला पडदा नव्हता. आपण टंकलेले आणि संगणकाने दिलेले उत्तर, दोन्ही कागदाच्या गुंडाळीवर छापले जाई. टेलिटाइप मॉडेल ३३ हे तेव्हाचे सर्रास वापरातले यंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापत असे.

इतक्या संथ यंत्रावर लांब आज्ञा देणे परवडणारे नव्हते. म्हणून ईडीच्या आज्ञा एकेका अक्षराच्या झाल्या : ओळ पुसायची तर डी, छापायची तर पी. चूक झाली तर ईडी एकच प्रश्नचिन्ह छापून गप्प बसे. या काटकसरीतून एक सुंदर गोष्ट जन्माला आली. फाइलभर एखाद्या नमुन्याचा शोध घेऊन जुळणाऱ्या ओळी छापण्याची ईडीमधली आज्ञा होती ‘जी, आरई, पी’. सगळीकडे शोध, हा नमुना, छाप. थॉम्प्सन यांनी तेवढेच काम करणारा स्वतंत्र प्रोग्रॅम केला तेव्हा त्याचे नाव या तीन तुकड्यांतून ‘ग्रेप’ असे पडले. आजही हजारो फाइलींतून एक शब्द हुडकताना प्रोग्रॅमर ग्रेप हाच शब्द उच्चारतो, आणि तो क्रियापदासारखा वापरतो : ‘ग्रेप करून बघ.’

बाण छापलेले टर्मिनल

सत्तरच्या दशकात कागदाची जागा हळूहळू काचेच्या पडद्याने घेतली. कॅलिफोर्नियातल्या लिअर सीग्लर या कंपनीने १९७६ मध्ये ‘एडीएम-३ए’ नावाचे टर्मिनल, म्हणजे संगणकाला जोडायचा पडदा आणि कीबोर्ड, बाजारात आणले. किंमत हजार डॉलरच्या आत, पडद्यावर प्रत्येकी ८० अक्षरांच्या २४ ओळी. विद्यापीठांना परवडणारे हे यंत्र होते, त्यामुळे ते अनेक ठिकाणी पोहोचले.

या टर्मिनलच्या कीबोर्डवर बाणांची स्वतंत्र बटणे नव्हती. कंट्रोल हे बटण दाबून धरायचे आणि एच, जे, के किंवा एल दाबायचे, म्हणजे कर्सर त्या त्या दिशेला सरके. म्हणून या चार अक्षरांच्या बटणांवर चार बाण छापलेले होते.

पण हीच अक्षरे का? इथे गोष्ट आणखी मागे जाते. संगणकातल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या आस्की या संकेतावलीत कॅपिटल एचचा क्रमांक ७२ आहे. कंट्रोल बटण त्यातून ६४ वजा करते आणि उरतात ८. आठ हा क्रमांक आहे ‘एक घर मागे’ या खुणेचा. जेचा क्रमांक ७४. त्यातून ६४ गेले की उरतात १०, आणि दहा म्हणजे ‘कागद एक ओळ पुढे सरकव’. टेलिप्रिंटरवर कागद ओळभर सरकला की छपाई एक ओळ खाली येते. तर एच म्हणजे मागे आणि जे म्हणजे खाली, हे टेलिप्रिंटरच्या काळापासूनच ठरल्यासारखे होते. टर्मिनल बनवणाऱ्यांनी शेजारच्या के आणि एलला वर आणि उजवीकडे हे अर्थ दिले आणि चौकडी पूर्ण झाली. एच हे रोमन लिपीतले आठवे अक्षर आणि जे दहावे, या साध्या वस्तुस्थितीत आजच्या सवयीचे मूळ आहे.

त्या कीबोर्डने आणखी दोन वारसे मागे ठेवले. त्यावर एस्केप हे बटण आज जिथे टॅब असते तिथे, म्हणजे करंगळीच्या अगदी जवळ होते. आणि कर्सरला पडद्याच्या आरंभी नेणाऱ्या ‘होम’ या बटणावरच नागमोडी टिल्डचे चिन्ह होते. युनिक्समध्ये वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरसाठी आजही टिल्ड लिहितात, ती खूण याच बटणावरून आली असे मानले जाते.

चौसष्ट सेकंदांची वाट

बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तेव्हा बिल जॉय नावाचा पदव्युत्तर विद्यार्थी होता. १९७६ च्या उन्हाळ्यात लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजमधले जॉर्ज कूलूरिस बर्कलीत आले होते. त्यांनी ईडीमध्ये सुधारणा करून ‘ईएम’ नावाचा एडिटर केला होता. ईडी वापरायला देवच हवा, साध्या माणसाचे ते काम नव्हे, अशा भावनेने त्यांनी त्याचा अर्थ ‘मर्त्य माणसांसाठीचा एडिटर’ असा लावला होता. जॉय आणि त्यांचे सहकारी चक हेली यांनी ईएमवरून स्फूर्ती घेऊन आपला ‘ईएक्स’ हा एडिटर रचला. त्यात फाइल पडद्यावर प्रत्यक्ष दिसेल आणि कर्सर तिच्यावर हिंडेल अशी दृश्य अवस्था जॉय यांनी घातली. तिचे नाव ‘व्हीआय’. मे १९७९ मध्ये बर्कलीच्या युनिक्स वितरणाच्या दुसऱ्या आवृत्तीतून ती सर्वत्र गेली.

जॉय यांच्यासमोर एडीएम-३ए टर्मिनल होते आणि घरून काम करताना हाताशी ३०० बॉड वेगाचा मोडेम. हा वेग म्हणजे सेकंदाला सुमारे ३० अक्षरे. पडद्यावर २४ गुणिले ८०, म्हणजे १,९२० अक्षरे मावत. पूर्ण पडदा एकदा नव्याने रंगवायचा तर ६४ सेकंद लागणार. एक अक्षर सुधारले आणि पडदा दिसायला मिनिटभर थांबलो, असे करून कुणाचाही प्रोग्रॅम लिहून होणार नाही.

दुष्काळी मुलुखातल्या घरात तांब्याभर पाण्यात काय काय उरकता येते हे लहान पोरालाही ठाऊक असते. व्हीआयची घडण त्या घरातल्या शहाणपणाची आहे. पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच पुन्हा रंगवायचा. आज्ञा एका-दोन अक्षरांच्या. दहा वेळा बटण दाबण्याऐवजी आधी आकडा सांगायचा : १० आणि जे, म्हणजे दहा ओळी खाली. ‘ही ओळ पूस’, ‘त्या शब्दापाशी जा’ असे नेमके सांगता आले की तारेवरून जाणारी अक्षरे वाचतात आणि माणसाची वाट पाहणेही वाचते.

बिल जॉय १९८२ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या संस्थापकांत सामील झाले. त्याआधीच मेरी ॲन हॉर्टन यांनी व्हीआयची जबाबदारी घेतली होती आणि बाणांच्या बटणांनाही त्यात जागा करून दिली होती. पण तोवर बोटांना वळण लागून गेले होते. हात मधल्या ओळीवरून न उचलता काम होत असेल तर कोपऱ्यातल्या बाणांकडे जायचे कशाला?

बटणांचे व्याकरण

व्हीआय पहिल्यांदा उघडणारा माणूस गोंधळतो, कारण त्यात टंकायला लागलो की अक्षरे उमटत नाहीत. या एडिटरच्या दोन मुख्य अवस्था आहेत. एकीत प्रत्येक बटण ही आज्ञा असते. दुसरीत प्रत्येक बटण हे अक्षर असते. आय दाबले की लिहिण्याच्या अवस्थेत शिरायचे, एस्केप दाबले की आज्ञेच्या अवस्थेत परत यायचे. लिहिण्यापेक्षा वाचणे, हिंडणे आणि दुरुस्ती यांतच प्रोग्रॅमरचा अधिक वेळ जातो. म्हणून मुक्काम आज्ञेच्या अवस्थेत, आणि लिहिणे हे तिथून मारलेली फेरी.

या अवस्थांना विरोध करणारेही मोठे लोक होते. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर यांनी कट, कॉपी, पेस्ट या आज सर्वांच्या अंगवळणी पडलेल्या पद्धतीला आकार दिला. एकाच बटणाचे दोन अर्थ असू नयेत असा त्यांचा आग्रह होता आणि ‘नो मोड्स’ ही अक्षरे त्यांनी आपल्या गाडीच्या नंबरप्लेटवरही घेतली होती. सर्वसामान्य वापरकर्त्यांच्या जगात टेस्लर यांचा विचार जिंकला आणि ते योग्यच झाले. पण दिवसाचे आठ-दहा तास मजकुरात हात घालून बसणाऱ्यांना दुसऱ्या वाटेने एक वेगळी शक्ती मिळाली : वाक्यरचनेची.

व्हीआयमध्ये डी म्हणजे ‘पूस’, सी म्हणजे ‘बदल’, वाय म्हणजे ‘उतरवून घे’. ही झाली क्रियापदे. डब्ल्यू म्हणजे पुढच्या शब्दापर्यंत, डॉलरचे चिन्ह म्हणजे ओळीच्या अंतापर्यंत. ही झाली कर्मे. दोन्ही जोडली की वाक्य तयार. डी-डब्ल्यू : शब्द पूस. सी-डॉलर : ओळीच्या अंतापर्यंत बदल. मध्ये आकडा घातला, डी-३-डब्ल्यू, की तीन शब्द पुसले जातात. आपल्या मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इथे ते आधी येते, एवढाच फरक. पुढे व्हीआयच्या ‘व्हिम’ या वारसदारात ‘कंसाच्या आतले’, ‘अवतरणातले’, ‘हा परिच्छेद’ अशी कर्मे आली. सी, आय आणि कंस अशी तीन बटणे दाबली की कर्सरभोवतीच्या कंसातले सारे पुसले जाते आणि नवे लिहायला जागा तयार होते.

या रचनेचे बळ गुणाकारात आहे. दहा क्रियापदे आणि वीस कर्मे शिकली तर पाठ करायच्या गोष्टी तीस, पण बनणारी वाक्ये दोनशे. शिवाय टिंबाचे बटण आहे : दाबले की शेवटचा बदल जसाच्या तसा पुन्हा होतो. शब्दकोश पाठ करणे आणि भाषा येणे यांत जे अंतर आहे, तेच इतर एडिटरांचे शॉर्टकट लक्षात ठेवणे आणि व्हीआय येणे यांत आहे.

नेदरलँड्सचा प्रोग्रॅमर, युगांडातले गाव

मूळ व्हीआयमध्ये ईडीचा काही कोड होता आणि त्यावर बेल लॅब्ज चालवणाऱ्या एटी अँड टी कंपनीचा हक्क होता. त्यामुळे परवान्याशिवाय तो वाटता येत नसे. ज्यांना घरच्या संगणकावर व्हीआय हवा होता त्यांनी तशीच साधने स्वतः लिहिली. १९८७ मध्ये टिम थॉम्प्सन यांनी अटारी एसटी संगणकासाठी ‘स्टीव्ही’ लिहिला. तो घेऊन ब्राम मोलेनार या डच प्रोग्रॅमरने आपल्या अमिगा संगणकावर काम सुरू केले. २ नोव्हेंबर १९९१ रोजी त्यांचा ‘व्हिम’ लोकांपर्यंत गेला, तोही फ्रेड फिश यांच्या अमिगासाठीच्या मोफत प्रोग्रॅमांच्या संग्रहातल्या ५९१ क्रमांकाच्या फ्लॉपीवरून. तेव्हा व्हिमचा विस्तार ‘व्हीआयची नक्कल’ असा होता. पुढे त्यात इतकी भर पडली की १९९३ मध्ये तो ‘सुधारलेला व्हीआय’ असा झाला.

१९९४ मध्ये मोलेनार दक्षिण युगांडातल्या किबाले या गावी स्वयंसेवक म्हणून गेले. पाणी आणि स्वच्छता यांची कामे पाहणारा अभियंता म्हणून त्यांनी तिथे वर्षभर काम केले. त्या भागात एड्सने घरेच्या घरे रिकामी केली होती आणि अनेक मुले पोरकी झाली होती. परतल्यावर त्यांनी त्या मुलांच्या शिक्षणासाठी आणि औषधपाण्यासाठी ‘आयसीसीएफ हॉलंड’ ही संस्था उभी केली आणि व्हिमला ‘चॅरिटीवेअर’ म्हटले. व्हिम मोफत वापरा, वाटा, बदला. तो उपयोगी पडला असे वाटले तर किबालेच्या मुलांसाठी काही द्या, एवढीच विनंती. फाइल न देता व्हिम उघडला की अनेकदा पडद्याच्या मध्यभागी युगांडातल्या गरीब मुलांना मदत करण्याचे आवाहन दिसते. जगातल्या कितीतरी कचेऱ्यांत, रात्री उशिरा बिघाड शोधत बसलेल्या कितीतरी माणसांच्या डोळ्यांसमोर त्या मुलांची आठवण अशी येत राहिली. साधन घडवणाऱ्याने त्याच्या दारावर कोरलेली यापेक्षा चांगली ओळ मला माहीत नाही.

३ ऑगस्ट २०२३ रोजी वयाच्या ६२ व्या वर्षी मोलेनार गेले. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी हा एडिटर जोपासला होता. जानेवारी २०२४ मध्ये आलेली व्हिमची ९.१ ही आवृत्ती त्यांच्या स्मृतीला अर्पण केलेली आहे. २०१४ मध्ये व्हिममधूनच फुटलेली ‘निओव्हिम’ ही शाखाही जोमात आहे.

व्हिम शिकणे सोपे नाही, हे मान्य करायला हवे. ‘व्हिममधून बाहेर कसे पडायचे’ हा स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळावरचा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता. उत्तर असे : एस्केप दाबा, मग अपूर्णविरामाचे चिन्ह, मग क्यू आणि एंटर. केलेले बदल सोडून द्यायचे असतील तर क्यूनंतर उद्गारचिन्ह, जतन करायचे असतील तर क्यूच्या आधी डब्ल्यू. आणि शिकायचे असेल तर व्हिमसोबतच ‘व्हिमट्यूटर’ हा धडा येतो. अर्ध्या तासात तो हात धरून पहिली पावले टाकायला शिकवतो. त्याचा पहिलाच पाठ असतो एच, जे, के, एल यांचा.

ब्राउझरमधली चार बटणे

प्रोग्रॅमरचा दिवस आता एडिटरइतकाच ब्राउझरमध्ये जातो. कागदपत्रे वाचायची, चुका नोंदवायच्या, सहकाऱ्यांचा कोड तपासायचा, सारे तिथेच. तेव्हा हातांना लागलेले वळण तिथेही मागितले जाणे साहजिक होते. २००७ मध्ये फायरफॉक्ससाठी मार्टिन श्टुबेनश्रॉट यांनी ‘व्हिम्परेटर’ हे ॲड-ऑन केले. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सच्या ५७ व्या आवृत्तीने जुन्या पद्धतीच्या ॲड-ऑनना रजा दिली, तेव्हा ते थांबले. क्रोमसाठी फिल क्रॉस्बी आणि इल्या सुखार यांनी ‘व्हिमियम’ केले. ते आजही चालू आहे आणि फायरफॉक्सवरही मिळते.

व्हिमियम घातले की जे आणि केने पान खाली-वर होते, एच आणि एलने डावी-उजवीकडे. दिशांचा अर्थ इथे आणखी पुढे नेला आहे. कॅपिटल एच दाबले की आधीच्या पानावर मागे जायचे, कॅपिटल एल दाबले की पुढे. एक्स दाबले की टॅब बंद, कॅपिटल एक्स दाबले की बंद केलेली टॅब परत.

सर्वांत देखणे आहे ते एफ. ते दाबताच पानावर दिसणाऱ्या प्रत्येक दुव्यावर आणि बटणावर एक-दोन अक्षरांची छोटी पिवळी चिठ्ठी चिकटते. ती अक्षरे टंकली की तो दुवा उघडतो. यामागे असे घडते : प्रत्येक पानासोबत ॲड-ऑनची एक छोटी स्क्रिप्ट चालू होते, कुठल्या गोष्टींवर क्लिक करता येते ते शोधते, त्यातल्या पडद्यावर खरोखर दिसणाऱ्या किती ते मोजते आणि तेवढ्या चिठ्ठ्या वाटते. चिठ्ठ्यांसाठी मुळात बोटांना सोयीची १४ अक्षरेच निवडली आहेत. दोन अक्षरांच्या जोड्या होतात १४ गुणिले १४, म्हणजे १९६. गच्च भरलेल्या पानालाही त्या बहुधा पुरतात. आपण एखाद्या चौकटीत लिहायला लागलो की व्हिमियम आपोआप बाजूला होते. व्हीआयच्या दोन अवस्था इथे न सांगता पाळल्या जातात.

एक काळजी मात्र घ्यावी. असे ॲड-ऑन आपण उघडलेले प्रत्येक पान वाचू शकते, कारण त्याशिवाय त्याला दुवे सापडणारच नाहीत. म्हणून ज्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे आणि ज्याची देखभाल नियमित होते असेच ॲड-ऑन घ्यावे. ब्राउझरच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानांवर व्हिमियम चालत नाही, तेही सुरक्षेसाठीच.

हा संकेत इतरत्रही दिसतो. जीमेलचे शॉर्टकट चालू केले की जे आणि केने पत्रांच्या यादीत खाली-वर जाता येते. मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोडमध्ये व्हिमची भाषा आणणारी ॲड-ऑन आहेत. एडिटर बदलले तरी व्याकरण तेच राहिले.

प, र, क, त

मराठीत लिहिणाऱ्याला या वाटेवर एक अडचण भेटते. देवनागरीच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर एच, जे, के, एल या बटणांवर अनुक्रमे प, र, क, त ही अक्षरे आहेत. भाषा मराठी ठेवून आज्ञेच्या अवस्थेत गेलो की व्हिमला ‘खाली’ ऐकू येत नाही, ‘र’ ऐकू येतो. पण व्हिममध्ये याचा विचार आधीच झालेला आहे. त्यात ‘कीमॅप’ नावाची सोय आहे. ती वापरली की लिहिण्याच्या अवस्थेत बटणे दुसऱ्या लिपीतली अक्षरे देतात आणि एस्केप दाबताच तीच बटणे पुन्हा आज्ञा होतात. दर वेळी भाषा बदलायची दगदग उरत नाही. एकाच बटणाचे दोन अर्थ ही ज्या एडिटरची उणीव मानली गेली, त्याच गुणामुळे मराठी मजकूर आणि रोमन आज्ञा त्यात सुखाने नांदू शकतात.

लिअर सीग्लरचे ते टर्मिनल आता संग्रहालयांत आहे. ३०० बॉडचा मोडेम गेला, पडदा रंगवायला लागणारी चौसष्ट सेकंदे गेली आणि बटणांवरचे बाणही पुसले गेले. पाण्याची टंचाई सरली तरी तांब्याभर पाण्यात भागवण्याची सवय घरात राहावी, तशी टंचाईने शिकवलेली शिस्त मात्र राहिली : थोडक्यात, नेमके आणि हात न हलवता. जवळच्या कीबोर्डवरच्या जे या बटणावर बोट फिरवून पाहा. तिथे एक बारीक उंचवटा लागेल. न पाहता टंकणाऱ्याच्या बोटाला आपली जागा सापडावी म्हणून तो ठेवलेला असतो. व्हिम वापरणाऱ्यासाठी त्याच जागी ‘खाली’ ही दिशा असते, आणि तिथून त्याचे वाचन सुरू होते.